वजनाची वही

निपाणीत तंबाखूचा वास आधी भिंतींना लागतो,
माणसांना मागाहून.
वखारींच्या मागच्या बोळात
मिशनच्या दवाखान्याची एकच खोली होती
आणि तीत माझी आई, दीना शेडबाळे,
कंपाउंडर, पगार तीनशे दहा.

बाया यायच्या जर्दा चाळून,
भुवयांवर खकाणा, पदराच्या टोकाला खकाणा,
खोकला गिळत,
कारण खोकणारीला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नसे.
आई आधी वजन करी.
काटा अर्धा किलो जास्त दाखवायचा,
ती मनात वजा करून लिहायची:
निंगव्वा, एकतीस.
शेवंता, अठ्ठावीस, पोटात मूल.
मग गोळ्या, डोळ्यांसमोर,
पाणी आमच्याच पेल्यातून.
"माझा पेला येगळा ठेवा की बाई."
"धुते की मी."
एकुलती खिडकी वखारीकडे उघडायची,
म्हणून ती बंद.

एकदा चौकीवर नेलं तिला.
किती बायका बाटवल्या, असं विचारलं.
फौजदार कन्नडमधून विचारत होता,
ती मराठीतून सांगत होती,
शेवटी तिनं वही पुढं सरकवली.
आकडे इंग्रजी होते, दोघांनाही वाचता आले.
त्यानं पानं उलटली, चाळीस, पन्नास,
आणि हळूच विचारलं,
माझ्या बायकोला पण खोकला आहे,
गुरुवारी पाठवू का?

मी नऊ वर्षांची असताना
माझी लघवी केशरी झाली.
लाल गोळीचा रंग तो, घाबरू नकोस, म्हणाली.
ती स्वतः तीच गोळी दोन महिने आधीपासून घेत होती,
हे मला ठाऊक नव्हतं.
बेळगावच्या सिव्हिलात
डॉक्टरनं माझा फोटो दिव्यावर धरला,
उजवीकडे वर, कापसाच्या बोंडाएवढं काहीतरी.
आई त्याच्याकडे बघत राहिली
आणि पहिल्यांदाच
तिनं पुढं काय करायचं ते सांगितलं नाही.

त्या वर्षी प्रभुभोजनाचा प्याला
बाकाबाकावरून सरकत आला
आणि आमच्या बाकाशी येऊन अडला.
शमुवेल वडिलांनी तो पुसला.
परत पुसला.
ते वाईट नव्हते, त्यांना तीन नातवंडं होती.
आई म्हणाली, "पुढं न्या. आम्ही थांबतो."
मी तिचा हात सोडला.
पाळक त्या रविवारी बोलले त्यातलं
एक वाक्य लोक अजून सांगतात:
दीनाबाईनं आपला जीव धोक्यात घातला.
आपला.
मी मोजत बसले होते, कितीजणींचा.

संध्याकाळी शेवंता आली, लेकरू काखेत,
जोंधळ्याच्या दोन भाकरी, लसणाची चटणी.
तिला रविवारचं काही माहीत नव्हतं.
आईच्या ताटात बसली,
तिच्याच पेल्यानं पाणी प्याली,
पालथ्या हातानं तोंड पुसलं
आणि बोलत राहिली मुकादमाबद्दल,
पावण्यांबद्दल, पोराच्या दातांबद्दल.
आई हसत होती. मी आत जाऊन बसले.

परवा ट्रंक उपसताना वही सापडली,
वाळवीनं कडा खाल्लेली.
शेवंताचं वजन पानागणिक चढत गेलंय,
अठ्ठावीस, तीस, चौतीस,
तिथून पुढं नाव नाही, म्हणजे बरी झाली.
मग आईच्या अक्षरात आईचं नाव.
एकेचाळीस. एकोणचाळीस.
खाली: मुलगी, वय नऊ, एकवीस.
शेऱ्याचा रकाना ती कायम कोरा सोडायची,
अख्ख्या वहीत कोरा आहे,
माझ्या ओळीपुढं मात्र शिसपेन्सिलीनं:
हिला विचारलं नव्हतं.

काटा अजून माझ्याकडे आहे.
मी उभी राहिले त्याच्यावर.
अर्धा किलो वजा करायचा
की नाही, ते ठरेना.