मागची पानं

नळयोजनेच्या रजिस्टरात
मोटार किती तास चालली ते पुढं लिहायचं असतं.
मागच्या पानांवर मी लिहितो:
सामने चार. केले तेरा. खाल्ले नऊ.
मंडईत भेटणारे सगळे फक्त तेरा मोजतात.

तेरा खरे आहेत, नाही म्हणत नाही.
चेतराम पटलेचा डावा पाय
रोवणीच्या बाईसारखा, चिखलातही ओळ सोडत नाही.
प्रज्योत मेश्राम उजवीकडून सुटला
की मैदानातल्या शेळ्यासुद्धा चरायचं थांबतात.
आणि भाऊदास शहारेचे हात राईस मिलचे.
वरून पोतं येताना जो डोळे मिटत नाही
तो चेंडूला काय भिणार.

पण नऊ.
नऊ मी लाल पेनानं लिहिलेत.
त्यातले सहा डाव्या बाजूनं.

तिथं दुर्वास कोडापे उभा असतो. देखणा उभा असतो.
चेंडू कुठंही असो, हा चेंडूच बघतो
आणि पाठीमागून माणूस निघून जातो,
जसं खेकड्याच्या बिळातून रात्री बांधीचं पाणी.
वरून धुरा साबूत,
सकाळी बांधी कोरडी.
"माणूस पाह्य ना बे दुर्वास, माणूस!"
तो वळून माझ्याकडं पाहतो.
सहावा असाच झाला.

मधे लोकचंद उईके. याला सगळंच करायचं असतं.
कॉर्नर मिळाला की डोकं घेऊन पुढं,
परतताना कमरेवर हात,
वाटेत पंचाशी दोन शब्द,
तोवर मागं भाऊदास एकटा,
वरात गेल्यावर मांडवात उरलेल्या आचाऱ्यासारखा.

तिबेटी कॅम्पवर आपण पाच-एक जिंकलो.
त्या रात्री मोरटोल्यात डीजे वाजला,
सरपंचानं माझ्या गळ्यात हार घातला, झेंडूचा, ओला.
घरी येऊन मी पाच लिहिले आणि पेन थांबला.

त्यांचे खरे अकरा तिथं नव्हतेच.
ते गोंदियात, अकोल्यात, कुठं कुठं
फुटपाथवर स्वेटर विकत बसलेले.
आमच्यासमोर शाळकरी पोरं, दवाखान्यातला कंपाऊंडर
आणि गोलात लोबसांग, ट्रॅक्टरवाला, पन्नाशीचा.
दर गोलनंतर बाभळीतून चेंडू तोच काढून आणायचा,
हाताला काटे, तोंडभर हसू.
जाताना म्हणाला, चक्क आमच्या बोलीत,
"फेब्रुवारीत या नं भाऊ."

फेब्रुवारीत त्यांचे स्वेटर संपलेले असतात.
आणि आमच्याकडं तोवर
खम्ममच्या मुकादमाचा टेम्पो येऊन गेलेला असतो.
मिरची तोडायला दुर्वास जाईल, लोकचंद जाईल,
होमेश्वर बायकोसकट जाईल.
माझी अख्खी मागची फळी
परक्या लाल शिवारात वाकलेली असेल,
ओळीनं, एका चालीनं,
कुणी आपली जागा सोडणार नाही,
अगदी जशी मला आत्ता हवी आहे.

हे कुणाला सांगावं?
तेरा मोजणाऱ्यांना?

काल मी चौघांच्या कमरेला एकच सोल बांधला,
बैलाचा, जुना.
लोकचंद सवयीनं पुढं धावला, चौघंही आडवे.
कुंपणावरची पोरं पोट धरून हसली, दुर्वासही हसला,
तोंडात माती.
"उठा," मी म्हणालो. "पुन्हा."
पुन्हा पडले. पुन्हा.
उजेड जाता जाता एकदाच,
चेंडू डावीकडं गेला आणि चौघं डावीकडं सरकले,
सोल ना ताणला, ना जमिनीला लागला.
सात पावलं. मी मोजली.

तेवढ्यात गावातून कुणीतरी हाक मारत आलं.
टाकी भरून कधीची वाहत होती,
गल्लीभर पाणी, मोटार चालूच.
तो तासही आता लिहायचा आहे,
पुढच्या पानावर, निळ्या शाईनं,
कारणासकट.