सेहेचाळीस क्रमांकाची दाढ

माणूस मला दिसत नाही, दाढ दिसते.
शिवोलीच्या दवाखान्यातून फाईल येते
म्हापशाला, फळांच्या गोदामावरच्या आमच्या लॅबमध्ये,
आणि पडद्यावर उघडते: खालची, उजवीकडची, पहिली,
चहूबाजूंनी तासून खुंटीएवढी उरलेली.
मी ती माऊसने गरगर फिरवते,
पाठमोरी करते, उलटी टांगते.
माणसांना असं करता आलं असतं
तर लग्नं जुळवणं सोपं झालं असतं,
म्हणतो आमचा शाणू,
जो मेण कोरायच्या सुऱ्या अजून कपाटात जपतो.

हिरडीजवळ एक रेघ असते.
ती धरली की सगळं धरलं.
तिथे लाळ असली, रक्ताचा थेंब असला,
की स्कॅनरला धुकं दिसतं
आणि मशीन ठामपणे चुकतं.
शाणू हाताने चुकायचा तेव्हा
त्याला कळायचं तरी.

मी किनार आखली.
आत सिमेंटसाठी पन्नास मायक्रॉन मोकळे सोडले,
केसाहून कमी.
मशीनने पांढऱ्या चकतीतून टोपी कोरली
मापापेक्षा मोठी, मुद्दाम, पाव हिश्शाने,
कारण रात्रभर भट्टीत ती आटते,
आटत आटत आपल्या मापाला येते.

बुधवारी डॉक्टर केंकऱ्यांचा फोन:
बसत नाहीये गं. किनारीला प्रोब अडतोय.
पडद्यावर तर बसली होती, मी म्हणाले,
आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं.

स्कूटर काढली.
खुर्चीत इनास मिस्त्री, वय एकाहत्तर.
दाढेभोवतीचं सगळं पहिल्यांदाच पाहिलं:
पोटावर ठेवलेले हात, अंगठ्याचं काळं नख,
शर्टाला राळेचा वास.
होड्या बांधतो. बांधायचा.
आता सगळे फायबरच्या घेतात.

टोपीला आतून निळी शाई फासली,
बसवली, काढली.
एका कोपऱ्यात शाई पुसलेली, खसखशीएवढी.
तिथे टेकत होती.
बाकी सगळी दाढ तिच्यासाठी तयार, आणि एवढ्याशासाठी अडून.
मी तेवढंच खरवडलं.
मग ती खाली गेली. आवाज झाला नाही.
प्रोब दाढेवरून टोपीवर गेला
घरातल्यासारखा.

‘‘फट किती उरली?’’ कापसाच्या बोळ्याआडून इनास.
साठ-सत्तर मायक्रॉन असेल, मी म्हटलं.
‘‘पाण्याला मायक्रॉन कळत नाही, बाये.’’
मग तोंडातला कापूस सांभाळत सांगत राहिला,
फळीला फळी कितीही भिडवा, फट राहतेच,
कापूस ठासायचा, राळ ओतायची,
तरी नवी होडी पहिले दोन दिवस पाणी पिते.
आत बसून डब्याने उपसायचं, शिव्या द्यायच्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी लाकूड फुगतं
आणि दार आपोआप लागतं.
‘‘तुझं हे फुगतं?’’

नाही. हे फुगत नाही.
म्हणून जागा आधीच सोडावी लागते.

त्याने मान हलवली,
कारागिराने कारागिरापुढे हलवावी तशी,
किंवा मान अवघडली असेल.

सिमेंट. चावून धरा, तीन मिनिटं.
बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरूच होत नव्हती.
मग त्याची जीभ तिकडे गेली.
इतकी जुनी मोजपट्टी आमच्याकडे दुसरी नाही,
तिला केसाचा दोरखंड वाटतो.
गालाआड तिची फेरी दिसत होती,
एकदा, पुन्हा एकदा, मग त्याच एका कोपऱ्यावर
थांबलेली.
‘‘परकी आहे,’’ तो म्हणाला.
बिलाचे पैसे सुट्टे मोजून दिले.

संध्याकाळी फाईल बंद करताना
मशीनने विचारलं: अचूक बसली? हो किंवा नाही.
तिसरा चौकोन नाही.
शाणू दिवे मालवत होता.
मी ‘हो’ दाबलं
आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं,
दोन दिवस पाणी पिऊ द्यावं.