शेवटची ओळ

मार्केट यार्डात, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याच्या पात्यांनाही पिवळं चढलेल्या खोलीत
मी जगाचा अंदाज लिहितो.
मगदूम शेठना सोमवारी दहाच्या आत दोन पानं लागतात:
पिकं, साठे, जहाजं, पाऊस,
आणि तळाला एकच ओळ,
हळद ठेवायची की काढायची.

या आठवड्यात इराणी बेदाणा उतरलाय,
तासगावचे दोन फोन त्यासाठीच.
काळ्या समुद्रावरनं सूर्यफुलाचं तेल निघालंय म्हणे, पोचलेलं नाही.
पॅसिफिकचं पाणी अर्धा अंश तापलंय;
इतक्यानं आमच्याकडं चहासुद्धा कोमट होत नाही,
पण तिकडं तेवढ्यावर मासे गाव सोडतात
आणि इकडं जतचा टँकरवाला नवे टायर घेतो.

पुढची दहा वर्षं पहिल्या पानावर मावतात.
खाणारी तोंडं वाढणार, शेतातले हात कमी होणार,
लोक भात थोडा कमी घेतील, तेल-दूध-अंडी जास्त,
आणि ज्यांच्या ताटात आज काही नाही
ते तळटीपेत जातील, बारीक अक्षरात.
आलेखाची रेघ उजवीकडं चढत जाते.
उजवीकडं नेहमी उजाडतंच, असं धरून चालतात रेघा.

खाली वजनकाट्याशी बाबालाल मुल्ला बसतो.
हरिपूरची पेवं उघडण्यात त्याची तीस वर्षं गेली.
आता पावत्या फाडतो
आणि मी जिना उतरलो की विचारतो,
"काय म्हणतंय जग?"
"वाढतंय," मी सांगतो.
"हां. सूज पण वाढती."

पेवाचं तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून जाईल इतकं.
आत मात्र वीस-पंचवीस फूट अंधार
आणि त्यात उसाच्या पाल्यावर
भाव येईपर्यंत झोपलेली हळद.
वरची माती काढायची, तोंड उघडं टाकायचं,
लांब जाऊन विडी ओढायची.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर आणखी एक विडी.

त्याचा धाकटा भाऊ, दस्तगीर.
त्या दिवशी ट्रक उभा होता, हमाल खोळंबले होते,
व्यापारी घड्याळ बघत होता.
एवढंच सांगतो बाबालाल.
पुढचं वाक्य त्याच्याकडं नाही.

मग एका साली नदीच पेवांत उतरली.
कुणाच्याच पानावर त्या पाण्याची ओळ नव्हती.
हळद कुजली, महिनाभर वास गेला नाही,
आणि नंतर शीतगृहं आली,
जिथं भिंतीवरचा आकडा सांगतो आत काय चाललंय.

काल रविवारी तो मला हरिपूरला घेऊन गेला.
चिंचांखालनं, माझ्या स्कूटरवर, मागं दोरीचं भेंडोळं.
एक पेव अजून शाबूत आहे. रिकामं. वर फरशी.
दोघांनी ती सरकवली.
कंदील कुठनं आणायचा? मी मोबाईलचा दिवा लावला,
दोरीला बांधला, खाली सोडला.
लख्ख दिसलं सगळं: भिंत, पुराची रेघ, एक चप्पल.
"बघा," मी म्हटलं, "जळतोय."
बाबालाल हसला. मग हसायचा थांबला.
"ह्यो कुठंबी जळंल की.
ज्याला इझता येत न्हाई त्येचा काय उपेग?"

आज पावणेदहा.
दोन पानं तयार आहेत, लख्ख,
देश, टक्के, वर-खाली बाण.
शेवटची ओळ मोकळी.
खाली सौदा सुरू झालाय,
रुमालाखाली बोटं बोटांना काहीतरी सांगतायत
ते इथनं दिसत नाही.
मी लिहितो:
तोंड उघडून ठेवलंय. इतक्यात आत जाऊ नये.

शेठ वाचतात. चष्मा काढून पुसतात. परत वाचतात.
"म्हणजे?
ठेवू, का काढू?"