भट्टी मालवताना

चौदा वर्षं ती जळत होती.
बाराव्या वर्षी तिच्या विटा बदलायच्या होत्या,
पण त्याच साली साथ आली
आणि सगळ्या जगाला एकदम
करंगळीएवढ्या बाटल्या हव्या झाल्या.

आम्ही अकरा जण कारखान्यातच राहिलो.
पॅकिंग विभागात गाद्या, मधे खोक्यांच्या भिंती.
घरचे लोक फाटकाशी डबे ठेवून जायचे,
वीस पावलांवरून हात हलवायचे
आणि बोलायचे फोनवर.
ओत्मारच्या बायकोने एकदा डब्यावर चिठ्ठी चिकटवली:
मिठाचा अंदाज नाही, चव गेलीय माझी.
तो चिठ्ठी खिशात घालून आत परतला.
तिला सोडून जाता येत नाही.
भट्टीला, म्हणतेय मी.
काही तास गॅस तुटला तर काच पोटातच थिजते,
मग घणाने फोडून काढावी लागते.
बायको वाचली त्याची.
चव मात्र अर्धीच परतली.

माझं काम बुडबुडा शोधायचं.
बाटली उजेडासमोर धरायची, एकदा फिरवायची,
खसखशीएवढा दिसला तरी नापास.
कधी कधी बाटलीतून पलीकडे बघायचे:
चिमणी, धूर, धुरात वाकडी झालेली टेकडी.
एका उन्हाळ्यात नदीचे दगड मोजता यायचे,
पुढच्या जूनमध्ये तीच नदी
पुठ्ठ्याच्या गोदामात शिरली.
जगाच्या तापावरच्या औषधाला
बाटल्या आमच्या,
आणि ताप वाढवायलाही आम्हीच.
माझ्या तक्त्यात
यासाठी रकाना नव्हता.

नवी भट्टी विजेची आहे.
खालून कांड्या रोवल्यात, थेट काचेत.
वरून पडतात वाळू, टाकणखार,
आणि आमच्याच नापास बाटल्यांचा चुरा.
डोकावून बघाल तर ज्वाला नाही, काही नाही,
पांढऱ्या भुकटीची जाड साय,
जानेवारीतल्या शेतासारखी.
हात धरला तर ऊब जेमतेम.
खाली सोळाशे अंश.
ओत्मार बघून म्हणाला,
माझी सासू अशीच होती,
रागाने लाल झालेली असताना
शांतपणे कॉफी विचारायची.

जुनीची झडप फिरवायला त्यालाच बोलावलं,
निवृत्त होऊन चार महिने झाले होते तरी.
तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.
टोपी काढली, कोणाला द्यावी कळेना,
माझ्याकडे दिली.
त्याने ती विझवली नाही.
देवापुढचा दिवा मालवतात
तशी मालवली, हळूहळू, अकरा दिवस,
नाहीतर विटा तडकल्या असत्या.

शेवटच्या रात्री गावात कोणाला झोप नाही.
चौदा वर्षांची घरघर थांबली होती
आणि कुत्री त्या शांततेवर भुंकत होती.
ओत्मारच्या बायकोने पंखा लावला,
फेब्रुवारीत,
नुसत्या आवाजासाठी.

वीज कुठून येते, मी युडिटाला विचारलं.
इंजिनिअर आहे, वयाने माझ्या मुलीएवढी,
पण खोटं बोलत नाही.
छतावरून थोडी, म्हणाली,
टेकडीमागच्या पवनचक्क्यांतून बरीच.
आणि वारा पडला की?
तिने बोटावरची भुकटी झटकली.
वारा पडला की अजून कोळसाच.
भिंतीवर आकडा असतो त्याचा.
हल्ली कामाला बसण्याआधी
मी तो बघते,
आणि मग खिडकीतून झाडांचे शेंडे.

चिमणी पाडली नाही.
करकोच्यांनी घरटं बांधावं म्हणून
वर गाडीचं जुनं चाक आडवं बसवलंय.
दोन वसंत गेले.
एकदा एक येऊन टेकला,
अख्खी पाळी माना वर करून उभी,
फोरमनसुद्धा.
त्याने चाक दोनदा टोचून पाहिलं
आणि नदीपलीकडे गेला.

पुढची साथ येईलच, असं म्हणतात.
गाद्या कुठे ठेवल्यात ते मला माहीत आहे.

काल एका बाटलीत बुडबुडा सापडला,
गळ्याशी, खसखशीएवढा.
चुऱ्याच्या पेटीत टाकली.
सोमवारी ती परत येईल,
मी उजेडाला धरीन
आणि ओळखणार नाही.