जिना नसलेलं उपकेंद्र

रात्री जमिनीतून आवाज आला,
खोल विहिरीत कुणी खोकलावं तसा.
मांडणीवरचे तांबे एकमेकांना लागले.
दोन वाजून अकरा मिनिटं.
मी आधी वेळ लिहिली, मग चप्पल शोधली.
नर्सच्या हाताला लागलेली खोड.

सकाळी औंढा रस्त्यावरच्या उपकेंद्रापुढं रांग.
सगळे म्हणायले, सहज आलो.

नागोराव पैलवान. नाडी एकशे सोळा.
"जिना चढून आलो ना, सिस्टर."
उपकेंद्राला जिना नाही.
दोन पायऱ्या होत्या, त्यातली एक ठेकेदारानं खाल्ली.
मी मान हलवली.
पट्टा करकचला तसा त्यानं दंड फुगवून धरला,
जणू मशीनशीच कुस्ती लागली.
"रात्री कसं वाटलं?"
"मला काय वाटायचंय? पोरं भ्याली."
पोरगं त्याचं बाहेर ओट्यावर
तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं.

बायांत तर भीती कुणाकडंच नाही.
कंबर आहे. डोकं आहे. पायात गोळे आहेत.
गंगासागरला पाळी आठ दिवस आधी आली,
शमीमला पहाटेपासून पान्हा फुटंना.
रात्री काय केलं ते एकीनं दुसरीचं सांगितलं:
हिनं गॅस बंद केला, तिनं सासऱ्याची काठी हुडकली,
मग शेजारणीच्या कड्या वाजवत
सगळ्या एकाच अंगणात,
उजाडेस्तोर एकमेकींचे हात धरून.
बाप्ये गल्लीच्या तोंडाला, काठ्या घेऊन.
जमिनीला काठी कुठं हाणायची
हे कुणी कुणाला विचारलं नाही.

हिंगोलीच्या ट्रेनिंगात साहेबांनी शिकवलं होतं,
जीवावर बेतलं की अंगाला दोनच वाटा: लढ, नाहीतर पळ.
मी वहीत दोन रकाने आखले.
पुढच्या साली एक मॅडम आल्या. म्हणाल्या,
बायांचं वेगळं, बाया जवळ घेतात, जवळ जातात.
तिसरा रकाना आखला.
वेळ लिहिणारीला रकाना नव्हता, पण ते असो.

धुरपता पळाली.
एकटी, अनवाणी, थेट डांबरी सडकेपर्यंत.
मागं पाळण्यात दोन महिन्यांचं लेकरू.
ते उचललं तिच्या दिरानं, व्यंकटीनं,
आणि अजून खाली ठेवीना.
"बाळंतीण झालास का रे?" रांगेतून कुणीतरी.
तोही हसतो,
दुपट्याचं टोक लेकराच्या पायाखाली खोचतो.
हात थरथरतो, तो दुपट्यात लपतो.

धुरपताच्या आजूबाजूला बाकडं रिकामं.
सकाळपासून तिच्याशी कुणी बोललं नाही,
सासूनं चहाही दिला नाही.
नाडी: एकशे सोळा.
पैलवानाइतकीच. एक ठोका कमी नाही.

ती हळूच म्हणाली,
"सिस्टर, मला ते लेकरू आठवलंच नाही.
पुलापाशी गेल्यावर आठवलं.
मी आई नाही का?"

वहीत याचं उत्तर नव्हतं.
रांग कान टवकारून.
मी मोठ्यानं म्हणलं,
"जिना चढून आलीस ना. बस, दम खा."

तिनं दाराकडं पाहिलं,
त्या उरलेल्या एका पायरीकडं.
हसली नाही.
पण पाठ टेकवली भिंतीला.

बाहेर अजून सतरा जण.
पट्ट्याची हवा कुठूनतरी गळायलीय.