सापडली नाही

टेग्वेन प्रोसरची कार्डं बुटांच्या खोक्यांतून आली.
अकरा खोकी. एकाला अजून ओल्या लोकरीचा वास.
माझं काम तसं सोपं:
काय दिसलं, कुठे, कधी, कोणाला,
एवढं वाचून संगणकात भरायचं.
चौथ्या रकान्यात सगळीकडे तीच.

लिहायची पेन्सिलीनं. वेल्सच्या पावसात शाई
घरी पोचेपर्यंत टिकत नाही.

कुम ब्रुइन, ओढ्याचा डावा काठ.
वाळल्या लव्हाळ्याच्या बुडाशी काळे ठिपके,
टाचणीच्या टोकानंही झाकले जातील एवढे.
भिंगाखाली प्रत्येक ठिपक्याला सुरईचं तोंड.
घरी, काचपट्टीवर: एका पिशवीत आठ बीजाणू,
शेंगेत दाणे बसतात तसे.
१४ मार्च. गारठा. मेंढ्या फार जवळ.

गुडघ्यांवर बसलेल्या बाईला येणारे-जाणारे विचारत,
काय हरवलंय?
टपालवाला म्हणे, चॅपलमध्ये इतकी वाकली असती
तर एव्हाना संत झाली असती.

पानावर तांबेरा दिसला की शेतकरी शिवी हासडतो.
ही त्याला नावानं हाक मारायची, मग
पान वर्तमानपत्राच्या पुडीत.
(पुडीवर अर्धी बातमी: खाण बंद, दोनशे...)
लोणी संपलेल्या डब्यात, टीपकागदावर, मेंढीच्या लेंड्या;
नवव्या दिवशी त्यांवर काचेचं रान उगवलं,
तेही तिनं मोजलं.

२ जून. कुंपणाकडेचं गुलाबी फूल. परागांच्या जागी
जांभळट काळी पूड, ही काणी.
खाली बारीक अक्षरात:
भुंगा आला. मी हात मागे घेतला.
अंगभर माखून पुढच्या फुलावर गेला. ११.४०.

मग हे कार्ड. ९ ऑक्टोबर १९८७.
पडलेल्या अ‍ॅशच्या फांदीवर, सालीच्या भेगेत,
नारिंगी बश्या, मिलिमीटरच्या आतल्या.
स्थळाच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलंय.
कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं:
इडवलनं जिथे सांगितलं तिथे.
'सांगितलं' इतकं दाबून लिहिलंय
की कागद मागून फुगलाय.
त्यावरूनच नकाशाचे सहा आकडे.
काय सांगितलं, त्याला कार्डावर रकाना नव्हता.
असता तरी.

१९८८, ९ ऑक्टोबर, तेच सहा आकडे: सापडली नाही.
१९८९: सापडली नाही.
१९९३: सापडली नाही. फांदी मऊ झाली आहे.
१९९८: फांदी बोटांनी कुस्करते. नाही.
२००४: फांदी नाही. जागा आहे.
अशी एकोणीस.
दुसऱ्या कुठल्याही बुरशीसाठी ती
एकाच जागी दोनदा 'नाही' लिहायला गेलेली नाही.

वरिष्ठ म्हणाले, न सापडलेलं कशाला भरतोस?
मी म्हणालो, स्थळ आहे, तारीख आहे,
पाहणारी आहे.

संख्येच्या चौकटीत शून्य टाकलं.
पडद्यावर प्रश्न आला:
शून्य. खात्री आहे?
एकोणीस वेळा आला.
एकोणीस वेळा 'हो' दाबलं.
आठव्या की नवव्या वेळी
जरा थांबलो.