एक हात खिशात

तळघरात उतरवायला तिघं लागले.
मन्सीत फेब्रुवारी, पायऱ्यांवर मीठ टाकलेलं.
लव्हॉन क्रिट्झर गाडीची काच खाली करून म्हणाल्या,
"हळू रे. पाडायचाच असता
तर मीच पाडला असता, वर्ल गेला तेव्हा."

एकवीस इंची, गोल तोंडाचा रंगीत टीव्ही,
अक्रोडी लाकडाचं कपाट,
मागचं झाकण काढलं तर धुळीची गोधडी
आणि उंदराने पुरवून ठेवलेले मक्याचे दाणे.
मोजले मी. सत्तावीस.

ऑरिनने शिकवलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी:
बंद टीव्हीतसुद्धा वीज दबा धरून बसते.
एक हात कायम खिशात ठेव,
म्हणजे या हातातून त्या हातात जाताना
वाटेत तिला काळीज लागणार नाही.

पडद्याला मोतीबिंदू झाला होता,
दोन काचांमधला डिंक म्हातारा होऊन पांढरा पडलेला.
गिटारची तार तापवून मधून ओढत नेली,
सहा तास, नखाएवढं-नखाएवढं.
मेणाचे कॅपॅसिटर काढले,
उन्हात राहिलेल्या चॉकलेटसारखे बोटांना चिकटणारे,
सव्वीस.
मग वीज दिली, पण एकदम नाही,
तीस व्होल्ट, पन्नास, सत्तर,
उपाशी माणसाला पेज पाजावी तशी.

नळ्या पेटल्या. धूळ जळल्याचा वास.
लाल, हिरवा, निळा, तिघांची तीन दिशांना तोंडं;
भांडलेल्या भावांना एका ताटात बसवावं
तसे चुंबक सरकवत सरकवत
एका ठिपक्यात आणले, तेव्हा कुठे पांढरं झालं.

टेप लावली, कुठल्याशा गावातली जुनी मिरवणूक.
सगळे हिरवे.
महापौर हिरवा, घोड्यावरची मुलगी हिरवी,
बँडवाले बरणीतल्या काकडीसारखे.

तीन आठवडे.
रंग वेगळे करणाऱ्या नळ्या बदलल्या,
एकेक रेझिस्टर सोडवून मोजला.
लाल गन थकली म्हणावी, तर तीही ठणठणीत.
रात्री जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघायचो,
ती म्हणायची, "काय?"

फक्त टिंटच्या बटणाला हात लावला नव्हता.
त्याच्याशेजारी लाकडावर एक खूण होती,
खिळ्याने कोरलेली, बारीक, नेमकी,
आणि बटण त्या खुणेवर होतं.
मला वाटलं, जाणकाराने लावलंय.
पॉलिश करताना बुजवणार होतो, राहून गेलं.

चौथ्या शनिवारी कोपर लागलं.
बटण फिरलं,
आणि ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या पोराच्या गालावर
रक्त आलं.

फोन केला. पलीकडे बराच वेळ फ्रिजची घरघर.
"वर्लला लाल दिसायचं नाही," लव्हॉन म्हणाल्या,
"रंग तोच लावायचा. लावून वळून विचारायचा, बरोबर?
आम्ही म्हणायचो, बरोबर.
जनेलने शाळेत बातम्या देणारा माणूस काढला,
हिरव्या खडूने. बाईंनी चिठ्ठी पाठवली.
मी चिठ्ठी जाळली."

"किती वर्षं?"
"अकरा. मग तो नळाच्या कामाला गेला असताना
हा बंद पडला, आणि नवीन घेतला,
त्यात बटणं नव्हतीच."

मी विचारलं, आता कसा ठेवू?
त्या म्हणाल्या, "खूण आहे ना अजून?"
"आहे."
"मग झालं."

म्हणजे काय ते मला कळलं नाही,
परत विचारायचा धीरही झाला नाही.
बटण हातात धरून उभा राहिलो,
दुसरा हात खिशात, सवयीने.

बिलात लिहिलं: कॅपॅसिटर सव्वीस, नळ्या चार, काच साफ.
नळ्यांची काहीच गरज नव्हती, म्हणून त्या खोडल्या.
मक्याचे दाणे लिफाफ्यात घालून दिले.
हिरव्या रंगाचं काही लावलं नाही.